कन्सोल वारंवार बंद पडणे आणि ‘बंद कोर’चा गैरसमज

वणी तालुक्यातील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गेली तीन-चार वर्षे एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी येते. गेमचा कन्सोल सुरू होतो, दहा मिनिटे ते अर्धा तास नीट चालतो, मग पंख्याचा आवाज वाढत जातो आणि यंत्र एकाएकी बंद पडते. थोडा वेळ थांबून बटण दाबले की ते पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तसेच बंद पडते. ही तक्रार जुनी आहे, परंतु तिच्यासोबत येणारे निदान मात्र अलीकडचे आहे. गेल्या मे महिन्यात बारावीचा एक मुलगा कापडी पिशवीतून कन्सोल घेऊन आला आणि तो काउंटरवर ठेवता ठेवताच म्हणाला, “भाऊ, ह्यातला एक कोर कंपनीनंच बंद करून ठेवला हाये म्हणते. तोच चालू करून द्या नं, मंग नाही बंद पडत.”

कोर म्हणजे प्रोसेसरमधील, म्हणजे यंत्राची आकडेमोड करणाऱ्या चिपेतील, स्वतंत्रपणे काम करू शकणारा एक भाग. त्या मुलाचे पहिले वाक्य बहुतांशी खरे होते आणि दुसरे साफ चुकीचे होते. दुसऱ्या वाक्यापायी त्याने आधीच एका ठिकाणी पैसे घालवले होते. तेथे ‘कोर खोलून देतो’ असे सांगून यंत्राचे झाकण उघडले गेले, चिपेवर गरम हवा मारली गेली आणि यंत्र परत दिले गेले. ते पंधरा दिवस चालले. असे ग्राहक वारंवार येत असल्यामुळे या दुखण्याचे निदान आणि त्यावरील उपाय एकदा सविस्तर लिहून ठेवतो. सुरुवात बंद कोरापासूनच करावी लागेल, कारण तो गैरसमज डोक्यातून गेल्याशिवाय ग्राहक यंत्रातील धुळीकडे पाहायला तयार होत नाही.

बंद कोर कशासाठी ठेवलेला असतो

प्रोसेसर सिलिकॉनच्या गोल तबकडीवर, म्हणजे वेफरवर, मोठ्या संख्येने एकदम घडवले जातात आणि नंतर कापून सुटे केले जातात. या तबकडीचा व्यास आजकाल ३०० मिलिमीटर असतो. घडवण्याच्या शेकडो पायऱ्यांमध्ये कोठेतरी एखादा अतिसूक्ष्म कण बसतो, एखादी रेघ तुटते किंवा शेजारच्या दोन रेघा एकमेकींना चिकटतात आणि तो दोष ज्या चिपेच्या वाट्याला येतो ती चिप बाद होते. दोष नेमका कोठे पडेल हे कोणालाही सांगता येत नाही. मात्र चिपेचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितकी तिच्यात दोष सापडण्याची शक्यता अधिक, आणि कन्सोलच्या चिपा मोठ्याच असतात.

प्लेस्टेशन ३ मधील सेल हा प्रोसेसर या बाबतीतील ठळक उदाहरण आहे. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून तो तयार केला. त्यात एक मुख्य कोर आणि आठ एकसारखे सहायक कोर होते, आणि ९० नॅनोमीटर पद्धतीने घडवलेल्या त्या चिपेवर सुमारे २३ कोटी ४० लाख ट्रान्झिस्टर होते. नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आलेल्या कन्सोलमध्ये मात्र आठांपैकी सातच सहायक कोर वापरात होते. सात राहणार हे कंपनीने २००५ मध्येच जाहीर केले होते, त्यामुळे यात लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. त्या सातांपैकी एक यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी राखून ठेवलेला असे, म्हणजे गेम लिहिणाऱ्यांच्या हाती सहाच उरत.

आठवा कोर का सोडला, हे साध्या हिशोबाने कळते. समजा, एका सहायक कोरात दोष निघण्याची शक्यता दहात एक आहे (हा आकडा मी केवळ हिशोबासाठी धरला आहे). आठही कोर निर्दोष हवेत असा आग्रह धरला, तर शंभरपैकी साधारण ४३ चिपाच पास होतील. एखादा कोर बिघडलेला चालेल असे म्हटले, तर आणखी ३८ चिपा पास होतात आणि एकूण ८१ होतात. तबकडी तीच, मजुरी तीच, यंत्रसामग्री तीच, परंतु हाती येणाऱ्या विक्रीयोग्य चिपा जवळजवळ दुप्पट. एका कोरावर पाणी सोडून एवढा माल वाचत असेल, तर कोणताही व्यापारी तेच करील.

येथे ग्राहक हमखास विचारतो की माझ्या चिपेतील आठवा कोर चांगला निघाला असेल, तर तो बंद का केला? आपल्याकडे कपाशीची टोबणी करताना एका जागी दोन बिया टाकतात, त्या मागचा विचार मी त्याला आठवायला सांगतो. दोन्ही उगवतील याची खात्री नसते, म्हणून दोन टाकायच्या. पुढे विरळणीच्या वेळी दोन्ही रोपे तरारलेली असली तरी एक उपटायचेच, कारण तास, म्हणजे पिकाची ओळ, सारखा राहिला पाहिजे. कन्सोलचेही तसेच आहे. गेम लिहिणारा एकदाच लिहितो आणि तो गेम नागपुरातील यंत्रावर जसा चालतो तसाच टोकियोतील यंत्रावर चालावा लागतो. काही यंत्रांत सात आणि काहींत आठ कोर ठेवले असते, तर आठव्याच्या भरवशावर गेम लिहिण्याची कोणाची छाती झाली नसती. संगणकाच्या प्रोसेसरचे असे नाही. तेथे कमी कोर चालणारी चिप वेगळ्या नावाने, कमी किमतीला विकता येते. कन्सोलला दुसरी प्रत नसते, म्हणून सर्वांना एकाच मापात बसवावे लागते.

मोठ्या सर्व्हरांसाठी आयबीएमने याच घराण्यातील चिपा आठही कोर चालू ठेवून विकल्या, आणि २००८ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथे उभा राहिलेला रोडरनर हा महासंगणकही आठ सहायक कोर असलेल्या सुधारित चिपेवर चालत होता. म्हणजे आठवा कोर मुळातच टाकाऊ होता असे नाही. तेथे एकेका चिपेला मिळणारी किंमत वेगळी होती, म्हणून निवड कडक ठेवणे परवडत होते.

पुढच्या पिढ्यांत ही राखीव जागा मुख्य प्रोसेसरातून चित्र रंगवणाऱ्या भागात, म्हणजे ग्राफिक्सकडे सरकली. प्लेस्टेशन ४ च्या चिपेवर ग्राफिक्सचे २० गट, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे एकसारखे भाग, घडवलेले असतात आणि त्यांतील १८ चालू असतात. एक्सबॉक्स वन मध्ये १४ पैकी १२, प्लेस्टेशन ५ मध्ये ४० पैकी ३६ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स मध्ये ५६ पैकी ५२ चालू असतात. मुख्य प्रोसेसरचे आठही कोर मात्र या चारही यंत्रांत चालूच असतात. ग्राफिक्सचे गट एकसारखे, संख्येने पुष्कळ आणि चिपेची बरीच जागा व्यापणारे असतात, त्यामुळे दोष तेथे पडण्याचा संभव जास्त आणि एखादा गट सोडून देणेही सोपे. जो भाग चिपेवर एकुलता एक असतो त्याला अशी राखीव जोड देता येत नाही, आणि दोष नेमका तेथे पडला तर ती चिप फेकावीच लागते.

‘बंद गट चालू करा’ ही मागणी पहिल्यांदा माझ्या दुकानात झाली असेही नाही. एक्सबॉक्स वन बाजारात येण्यापूर्वी, २०१३ मध्ये, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी हा विचार करून पाहिला होता. गेम लिहिणाऱ्यांना दिलेल्या यंत्रांत १४ ही गट उपलब्ध होते. त्यांनी तुलना केली आणि दोन गट उघडण्यापेक्षा ग्राफिक्सची गती ८०० वरून ८५३ मेगाहर्ट्झ करणे अधिक फायद्याचे ठरवले. कागदावर दोन गटांनी सुमारे १७ टक्के बळ वाढले असते आणि गतीने जेमतेम साडेसहा टक्के, तरीही त्यांचा कौल गतीच्या बाजूने पडला, कारण सगळे काम गटांच्या संख्येवरच अडत नव्हते.

हा राखीव भाग म्हणजे गाडीची स्टेपनी नव्हे

मुख्य गैरसमज येथे आहे. ‘जादा कोर’ हे शब्द ऐकले की मनात जीपच्या मागे लटकवलेली स्टेपनी उभी राहते, म्हणजे एक चाक पंक्चर झाले तर दुसरे लावू. चिपेतील राखीव भाग तसा नसतो. त्याचे काम कारखान्यातील तपासणीच्या दिवशीच संपते. त्या दिवशी कोणता कोर सोडायचा हे ठरते, ते यंत्राच्या मांडणीत कायम नोंदवले जाते आणि त्यानंतर यंत्र त्या कोराकडे वळूनही पाहत नाही. पाच वर्षांनी चालू कोरांपैकी एखादा बिघडला, तर बंद ठेवलेला कोर आपोआप त्याची जागा घेत नाही. कन्सोलमध्ये तशी व्यवस्थाच नसते. विरळणीत उपटलेले रोप पोळ्यापर्यंत बांधावर वाळून गेलेले असते, ते परत तासात लावता येत नाही.

शिवाय ज्याला चांगला समजून आपण उघडू पाहतो, तोच कोर तपासणीत नापास झालेला असू शकतो. तो उघडला गेला, तर यंत्र सुधारण्याऐवजी अधिकच अडखळेल. तो सुदैवाने चांगला निघाला तरी सहा कोरांसाठी लिहिलेला गेम सहाच वापरणार, आणि चालू झालेला कोर आपल्या परीने उष्णता तेवढी वाढवणार. जे यंत्र उष्णतेमुळेच बंद पडत आहे त्याच्यात उष्णता वाढवणारी भर घालणे म्हणजे रोगाला खुराक देणे होय.

मग यंत्र बंद का पडते

वर सांगितलेल्या मुलाचा कन्सोल त्याच्यासमोर उघडला. पंख्याच्या पलीकडे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांची जाळी असते. तिच्या तोंडावर बोटभर रुंदीचा, करड्या-काळ्या रंगाचा थर बसलेला होता. चिमट्याने एक टोक धरून ओढले, तर तो अखंड पट्टीसारखा निघून आला, दाबून चपटा केलेल्या पेळूसारखा. त्याचे घर जिनिंगच्या वाऱ्याच्या वाटेवर होते आणि दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत तेथे हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. काळेपणा कोळशाचा होता. वणीच्या आसपास खाणी आहेत आणि कोळशाचे ट्रक रस्त्याने अहोरात्र जातात, त्यामुळे आमच्याकडची धूळ पांढरी कधी नसतेच. रुई जाळी अडवते आणि कोळशाची भुकटी त्या रुईत अडकून थर घट्ट करते. त्यातच कोळशाच्या भुकटीला पावसाळी ओल लागली की तिच्यातून थोडीबहुत वीज वाहू शकते, म्हणून बोर्डावर बसलेली भुकटी नुसती कुरूप नसते, ती धोक्याचीही असते. (आत एक वाळलेली पालही होती. थंडीत पाली उबेसाठी आत शिरतात आणि हा अपवाद नाही.)

जाळी अर्धी बुजली की चिपेचे तापमान वाढते, यंत्र पंख्याचा वेग वाढवते आणि तरीही मर्यादा ओलांडली गेली की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वाईट स्थिती असते. यंत्र खोलीतील हवेनेच स्वतःला थंड करते, त्यामुळे हवाच एवढी तापलेली असेल तर स्वच्छ यंत्रालाही फारशी सवलत उरत नाही.

दुसरे कारण वीज. संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन मी मीटर लावला, तेव्हा साडेसात वाजता सॉकेटवर १७२ व्होल्ट मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला २३६. डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याचे घर लाईनच्या शेवटी आणि संध्याकाळी सगळ्यांचे कूलर एकाच वेळी सुरू, असा तो हिशोब होता. कन्सोलचा वीजपुरवठा कमी दाबावरही गरज तेवढीच ओढतो, त्यासाठी त्याला अधिक प्रवाह घ्यावा लागतो. जोरदार गेम चालू असताना २०० वॅट लागत असतील, तर २३० व्होल्टवर सुमारे ०.८७ अँपिअर आणि १६० व्होल्टवर १.२५ अँपिअर असा तो फरक पडतो. प्रवाह दीडपटीच्या आसपास वाढला की त्याच्या वाटेतील तारा, कॉइल आणि जोड यांच्यात निर्माण होणारी उष्णता दुप्पट होते. यंत्राच्या मागील पट्टीवर १००–२४० छापले असेल तर थोडाफार उतार ते सहन करते. २२०–२४० छापले असेल तर १७२ व्होल्ट ही त्याच्यासाठी उपासमारच होय.

तिसरे कारण चिप आणि धातूच्या पात्यांमधील उष्णतावाहक पेस्ट वाळणे. सहा-सात वर्षांनंतर ती भेगाळते आणि खडूसारखी सुटते. जाळी स्वच्छ असूनही यंत्र दोन-तीन मिनिटांतच पंखा फुल करून बंद पडत असेल, तर मी प्रथम पेस्टवर संशय घेतो.

निदान कसे करावे

यंत्र उघडण्याआधी दोन दिवस निरीक्षण करावे. एक दिवस पहाटे साडेपाच-सहाला तासभर गेम चालवावा, कारण त्या वेळी हवा गार आणि विजेचा दाब पुरेसा असतो. दुसऱ्या दिवशी तोच गेम रात्री आठला चालवावा. पहाटे चालतो आणि रात्री बंद पडतो, असे झाले तर उष्णता व दाब यांपैकी एक दोषी आहे. तो कोणता हे ठरवण्यासाठी रात्रीचाच प्रयोग स्टॅबिलायझर लावून पुन्हा करावा. पहाटेही बंद पडत असेल तर जाळी किंवा पेस्ट. बंद पडण्याच्या क्षणी खोलीतील दिवाही मंदावत असेल, तर यंत्राला हात लावण्याची गरजच नाही, आधी वायरिंग आणि अर्थिंग पाहावे.

यंत्र बंद न पडता चित्र जागच्या जागी थिजत असेल आणि ‘लोडिंग’ संपतच नसेल, तर ते वेगळे दुखणे आहे. आपल्याकडे गेम चालू असताना अचानक लाईन जाते, डिस्कवरील लिखाण अर्धवट राहते आणि नंतर यंत्र तेथेच अडखळते. अशा वेळी प्लेस्टेशनमध्ये पॉवरचे बटण दाबून धरून सेफ मोडमध्ये जावे आणि डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पर्याय वापरावा. प्लेस्टेशन ३ मध्ये फाइल सिस्टिम सुधारण्याचा पर्यायही तेथेच मिळतो. माझ्याकडे ‘कोर गेला’ म्हणून आलेल्या कित्येक यंत्रांचे काम एवढ्यावर भागले आहे.

बटण दाबताच यंत्र क्षणभर उजळून लगेच विझत असेल आणि असे दरवेळी होत असेल, तर दोष बोर्डावर किंवा वीजपुरवठ्यात आहे आणि तो घरी सुटणारा नाही. येथेच गरम हवेचा प्रयोग केला जातो आणि त्याबद्दल माझे मत कडक आहे. चिप आणि तिच्याखालची पट्टी तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. वर्षानुवर्षे तापणे आणि निवणे यांमुळे त्यांच्यामधील सूक्ष्म जोड थकतात. गरम हवेने ते जोड तात्पुरते टेकतात, यंत्र काही दिवस चालते आणि ग्राहकाला वाटते की काम झाले. थकलेला जोड त्याने नवा होत नाही, उलट आजूबाजूचे कपॅसिटर त्या उष्णतेने आणखी खराब होतात.

उपाय

साफसफाई जिनिंगचा हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्चच्या शेवटी, एकदा आणि पोळ्यानंतर एकदा करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, मोकळा पंखा वाऱ्याने अतिवेगाने फिरला की त्याचे बेअरिंग जाते. रुईचा थर ब्लोअरने निघत नाही, तो पात्यांच्या आत अधिक खोल रुततो. तो चिमट्याने किंवा मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूलाच ओढून काढावा लागतो. प्लेस्टेशन ५ मध्ये बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या हाताने सरकवून निघतात आणि आत धूळ साठण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रे दिसतात, तेथे व्हॅक्यूम लावावा. त्याच यंत्रात चिपेवर पेस्टऐवजी द्रव धातू असतो. तो वीजवाहक आहे, त्याचा थेंब बोर्डावर पडला तर बोर्ड जळू शकतो, म्हणून त्या यंत्राची चिप घरी उघडू नये आणि ज्या कारागिराला हे ठाऊक नाही त्याच्याकडेही देऊ नये.

विजेसाठी ५०० व्हीए चा स्टॅबिलायझर एका कन्सोलला आणि टीव्हीला सहसा पुरतो. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो साइन वेव्हचा असावा. जुन्या चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, परंतु कन्सोलचा वीजपुरवठा गुणगुणतो आणि तापतो. यंत्र टीव्हीच्या कपाटातील बंद कप्प्यात ठेवू नये आणि त्यावर विणलेला रुमाल घालू नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटवणे हेच दुरुस्तीतील सर्वांत अवघड काम असते. कूलरच्या थेट झोतासमोरही ते नको, कारण त्या हवेत ओल असते.

त्या मुलाच्या कन्सोलची जाळी साफ केली, पेस्ट बदलली आणि त्याच्या वडिलांना स्टॅबिलायझर घ्यायला लावला. कोराला हात लावला नाही. जून महिन्यात तो एकदा बंद पडला, तेव्हा मुलाने फोनवरून वेळ सांगितली, दुपारी अडीच. त्या दिवशी तो पत्र्याच्या खोलीत गेम खेळत होता. यंत्र आतल्या, कौलारू खोलीत हलवले गेले.

दुरुस्तीला आणताना यंत्रासोबत मूळ वायर आणावी, यंत्र किती मिनिटांनी आणि किती वाजता बंद पडते हे चार-पाच दिवसांचे कागदावर लिहून आणावे, आणि आधी कोणी ते उघडले असेल किंवा त्यावर गरम हवा मारली असेल तर ते न संकोचता सांगावे.